शिवकांताचं पान

मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही. करडवाडीच्या नव्या गावात वर्षभरापासून हेच चाललं होतं. ज्या बायांना जितेपणी कुणी ‘दोन घास खाल्ले का’ म्हणून विचारलं नाही, त्या बाया आमटीला फोडणी कशाची द्यायच्या हे आता त्यांची नातवंडं पारावर बसून एकमेकांना सांगत होती. एकाच्या आजीनं नुसता लसूण घातला की दुसऱ्याची आजी त्यात कढीपत्ता घालायचीच.

याला कारण ते पुस्तक. औशाच्या पलीकडचं जुनं करडवाडी त्र्याण्णवच्या भूकंपात बसलं, त्याला तीस वर्षं होऊन गेली. नवं गाव झालं, सरकारी रांगांचं, सगळी घरं एका साच्यातली, आणि त्यात एक पिढी वाढून लग्नाला आली. मग उदगीरच्या एका कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या आरती मॅडमनी मनावर घेतलं. त्यांचं आजोळ करडवाडी. त्या म्हणाल्या, लोक कसे मेले हे सगळ्यांनी लिहिलं, ते कसे जगत होते हे कुणी लिहिलं नाही. कोण पहाटे किती वाजता उठायचं, कुणाचं दार करकरायचं, कुणाच्या घरचं ताक पातळ, असलं साधंसुधंच लिहायचं. पुढच्या पोरांना कळायला पाहिजे. गोष्ट चांगली होती, त्यात वाद नाही. पण गावात चांगल्या गोष्टीला कमिटी लागते, आणि कमिटी आली की तिचा नियम येतो. माजी सरपंच गुरुबसप्पांनी नियम केला: ज्याचा वारस, त्याचं पान. मेलेल्या माणसामागं पुढच्या पिढीतलं कुणी जितं असेल तर त्यानं येऊन सही करायची, त्या माणसाला पुस्तकात एक पान मिळणार. ज्याच्यामागं कुणी नाही त्याचं फक्त नाव आणि वय, शेवटच्या यादीत. नियम सगळ्यांना पटला, कारण ज्यांना पटला नसता ते बोलायला उरलेच नव्हते.

गुरुलिंगला सही करायचा हक्क होता. पान भरायला मात्र त्याच्याकडं काही नव्हतं. तो एसटीत कंडक्टर, उदगीर डेपोला. भूकंपाच्या वेळी दीड वर्षाचा. आई, बाप, आजोबा एका घरात गेले. आईचं माहेर शेजारच्या गावात, तेही त्याच पहाटे बसलं. उदगीरच्या चुलत्यानं, रामलिंगनं, त्याला वाढवलं. रामलिंग धान्याच्या मोंढ्यात दिवाणजी, माणूस सरळ, पण शब्दाला कंजूस. भावजय कशी होती विचारलं की “सावळी होती, गरीब होती” म्हणायचा आणि उपरण्यानं तोंड पुसायचा. तोही मागच्या साली वारला. फोटो नाही, लुगडं नाही, नाव घातलेली एक वाटीसुद्धा नाही. आईचं नाव शिवकांता, ती सावळी होती आणि गरीब होती, एवढ्यावर या माणसानं बत्तीस वर्षं काढली. शाळेत पोरं आईवरून शिव्या द्यायची तेव्हा ह्याला राग यायच्या आधी वाटायचं, ह्यांना काही ठाऊक आहे की काय.

त्याला एकच गोष्ट हवी होती. ती आपल्याला काय म्हणून हाक मारायची? गुरुलिंग हे बारशातलं नाव. दीड वर्षाच्या लेकराला कुणी गुरुलिंग म्हणत नाही. काहीतरी लाडाचं असणार. ते कळलं की बाकी मिळो न मिळो.

आणि ते ठाऊक असणारं जगात एकच माणूस होतं: धुरपताबाई.

जुन्या गावात धुरपताबाईचं आणि शिवकांताचं घर भिंतीला भिंत लागून. त्या गल्लीतली सोळा घरं गेली, ही बाई राहिली, कारण त्या रात्री ती नवऱ्याबरोबर शेतातल्या आखाड्यावर, राखणीच्या झोपडीत, निजायला होती. नवरा पुढं दोन वर्षांत गेला. मागं मूलबाळ नाही. आता वय सत्तरीच्या पुढं, गुडघे गेलेले, तोंड मात्र शाबूत. तीस वर्षं तिला गावानं विचारलं नव्हतं. पुस्तक निघालं आणि सोळा घरांचे वारस तिच्या दारात आले. पुण्यात नोकरी करणारी माणसं मोटारीतून उतरून तिच्या बाजेपाशी उकिडवी बसू लागली. म्हातारीला सूड उगवायला देवानं दिवस दिला म्हणा ना.

“तुझी आजी ना? चोरटी हुती,” ती एकाला म्हणाली. “शेण चोरायची.”

“मावशी, दुसरं काही सांगा की. पुस्तकात यायचंय.”

“दुसरं काय? सरपणबी चोरायची.”

त्या माणसानं बिचाऱ्यानं ‘आजी काटकसरी होती’ असं लिहून घेतलं आणि गाडीत बसला.

गुरुलिंग पहिल्यांदा आला तो गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, पावशेर पेढे घेऊन. नाव सांगितलं. म्हातारीनं, बैलाचे दात बघावेत तसं त्याचं तोंड न्याहाळलं. बराच वेळ.

“शिवकांताचा हायस.”

“हाव, मावशी.”

“जगलास मंग.”

त्याला वाटलं, मायेनं म्हणाली. गरजवंताला अक्कल नसते. त्यानं तिचे पाय धरले आणि भडाभडा सगळं सांगितलं: पान कोरं आहे, चुलता बोललाच नाही, आई हाक कशी मारायची तेवढं तरी सांगा. म्हातारी ऐकत राहिली. मग तिनं पेढा तोंडात टाकला.

“एका खेपेला एकच सांगीन,” ती म्हणाली. “आन् हाक कशी मारायची ते समद्यात शेवटी. कबूल असंल तर ये, न्हाई तर उदगीरला तिकिटं फाड.”

तो कबूल झाला. मग काय, दर गुरुवारी उदगीर ते करडवाडी. गेल्या गेल्या आधी काम. मोरी घास, पन्हाळीतला कचरा काढ, गुडघ्याला तेल चोळ. दोन-दोन तास राबवून घ्यायची, आणि मनात आलं तर “आज काय याद यीना” म्हणून कोरडाच वाटेला लावायची. घरी पुनम, त्याची बायको, म्हणायची, “स्वतःच्या घरची मोरी कधी घासली नाही तुम्ही.” पण ज्या गुरुवारी काही मिळायचं त्या गुरुवारी तो परतीच्या एसटीत फोन कानाला लावून टेप केलेला म्हातारीचा आवाज पुन्हापुन्हा ऐकत यायचा आणि डोळे पुसायचा.

पहिल्यांदा मिळालं ते हसणं. “हसाया लागली की तोंड न्हाई झाकायची. डोळे झाकायची, दोन्ही हातांनी. म्हणायची, मला दिसंना म्हंजी तुमालाबी मी दिसंना.” दुसऱ्यांदा उंबरा. “उंबऱ्याला पाय न्हाई लावायची. जोडपायानं उडी मारून भाईर. दिसातून पन्नास येळा.” तिसऱ्यांदा चिंचोके. “ओट्यावर बसून चिंचोके खेळायची, आन् झालं की भितीतल्या दिवळीत दडवून ठिवायची. कुनी हात लावला की रडून घर डोक्यावर घ्यायची.”

हे तिसरं ऐकून पुनम भाजी चिरता चिरता थांबली.

“अहो, लिंगायताची सून, सासरा ओसरीवर बसलेला असताना ओट्यावर चिंचोके खेळती? आणि लुगडं नेसून जोडपायानं उडी मारती?”

पुनम निलंग्याकडची, चार जावांच्या घरातली. सासऱ्यासमोर सुनेनं ओट्यावर पाऊल टाकायचं नसतं हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. खरं म्हणजे गुरुलिंगलाही लागलं नव्हतं. चुलत्याच्या घरी त्यानं हेच बघितलं होतं. भूकंपानंतर लग्न होऊन आलेली काकू, सासरा नसतानाही, जन्मभर मागच्या दारानं ये-जा करत राहिली. हा रिवाज मराठवाड्यात पाळण्यातलं पोरही ओळखतं. पण हपापलेल्या माणसाच्या ताटात माती वाढली तरी तो मीठ मागतो.

“माझी आई तसली नव्हती,” तो म्हणाला. “तुझ्या घरच्यांसारखी दबलेली नव्हती ती. तुला आई आहे म्हणून तुला माझं बघवत नाही.”

पुनमनं परत भाजी चिरायला घेतली. ती बोलली ते खरं होतं आणि तिला ते ठाऊक होतं, म्हणून जास्तच लागलं.

चौथ्या खेपेला म्हातारीनं निराळंच काढलं. “पोरगी हाय म्हनं तुला. तिला आन. हे सांगून कळायचं न्हाई, करून दाखवावं लागतंय.”

इरा नऊ वर्षांची. चुरूचुरू बोलणारी. पुढच्या गुरुवारी शाळा बुडवून तिला नेलं. म्हातारीनं पोरीला जवळ ओढून घेतलं. तिनं इराचे केस सोडले, तेल लावलं, विंचरून दोन वेण्या घातल्या आणि पत्र्याच्या पेटीतून तांबड्या रिबिनी काढून बांधल्या. रिबिनींचा रंग घडीच्या जागी उडाला होता.

“कुणाच्या आहेत, मावशी?”

“घरात हुत्या,” ती म्हणाली.

मग तिनं गुडघे धरत चूल पेटवली, ज्वारीची भाकरी थापली, तव्यावरून निखाऱ्यावर टाकली. भाकरी टम्म फुगली. “बघ, बाय. तुझी आजी कशी खायची बघ.” भाकरीचा वरचा पापुद्रा काठाला नखानं उचलायचा, गोल गोल फिरवत अख्खा सोलायचा, फाटू द्यायचा नाही. त्यावर तीनदा फुंकर मारायची. आणि आपण खायच्या आधी तो जवळच्या माणसाच्या तळहातावर ठेवायचा. “पहिला तुझा, मंग माझा, असं म्हणायचं. म्हण.”

“पहिला तुझा, मग माझा,” इरा म्हणाली. दोनदा पापुद्रा फाटला, तिसऱ्यांदा अख्खा निघाला. तिनं तो बापाच्या हातावर ठेवला. गुरुलिंग तो पापुद्रा हातात घेऊन लहान पोरासारखा रडला. म्हातारी त्याच्याकडं बघत नव्हती. ती पोरीकडं बघत होती.

त्या दिवसापासून इरा घरात तसंच जेवू लागली. उंबऱ्यावरून उड्या, हसताना डोळ्यांवर हात, सगळं सुरू झालं. पोरांना काय, नवा खेळ सापडला. गुरुलिंग पाहुण्यांना बोलावून दाखवायचा: बघा, आमच्या आईचं वळण. पुनमच्या भाकरीचा पापुद्रा अख्खा निघाला नाही तर ताट सरकवायचा. “आईच्या हातची भाकरी अशी नव्हती,” म्हणायचा. जी भाकरी कधी खाल्ली नाही तिच्यावरून बायकोला बोलायचं, म्हणजे कमाल झाली.

आणि मग दसऱ्याच्या आधीच्या गुरुवारी म्हातारीनं हाक दिली.

“गुल्या,” ती म्हणाली. “गुल्या म्हणायची तुला. कमरंवर घिऊन गावभर हिंडायची. माझा गुल्या, माझा गुल्या. कुनाच्या हातात दियाची न्हाई.”

गुरुलिंगनं तो शब्द तोंडात घोळवला. बत्तीस वर्षांनी माणसाला त्याचं नाव मिळालं. परतीच्या वाटेवर त्यानं आरती मॅडमना फोन करून सांगितलं, पान झालं, आणि टेप केलेलं सगळं पाठवून दिलं. आठ दिवसांत त्यांच्या विद्यार्थिनींनी ते टाईप करून पाठवलं. वरती मोठ्या अक्षरात ‘शिवकांता’, आणि खाली हसणं, उंबरा, चिंचोके, पापुद्रा, गुल्या. त्यानं ते पुनमला वाचून दाखवलं, डेपोत वाचून दाखवलं, दोन प्रवाशांनाही दाखवलं.

छापायला द्यायच्या आधी आरती मॅडमनी प्रत्येक गल्लीच्या वारसांना त्यांच्या गल्लीबद्दल लोक जे बोलले त्याची सगळी रेकॉर्डिंग पाठवली, तपासून घ्या म्हणून. चाळीसेक तासांचं ते सामान. मॅडमना स्वतः घेतलेलंसुद्धा परत ऐकायला सवड नव्हती. गुरुलिंगनं दुपारी दोन फेऱ्यांच्या मध्ये, डेपोच्या बाकावर, डबा उघडून पहिली फाईल लावली. तारीख मागच्या फेब्रुवारीतली. तो करडवाडीत पहिल्यांदा गेला त्याच्या दोन महिने आधीची.

म्हातारीचाच आवाज होता, पण तो आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. मऊ, घाईघाईचा.

“माझी गोदी,” ती सांगत होती. “अकरा वर्साची. हसाया लागली की डोळे झाकायची, मला दिसंना म्हंजी तुमालाबी मी दिसंना म्हणायची. उंबऱ्याला पाय न्हाई लावायची, जोडपायानं उडी. चिंचोके दिवळीत दडवायची. भाकरीचा पापुद्रा अख्खा सोलायची, पहिला तुझा, मंग माझा. शेजारच्या शिवकांताचं पोरगं तिला लई प्यारं. गुल्या म्हणायची त्याला. कमरंवर घिऊन गावभर.”

मग आरती मॅडमचा आवाज आला. “मावशी, खूप छान सांगितलंत. पण गोदावरीच्या मागे कुणी वारस? भाऊ, भावाची मुलं?”

“कुनी न्हाई. मी हाय.”

“तुम्ही आहात, पण कमिटीचं म्हणणं आहे की पुढच्या पिढीतलं कुणी हवं. नाहीतर मागच्या यादीत नाव येईल.”

“किती वळी यील?”

“नाव आणि वय, मावशी.”

फाईलमध्ये बराच वेळ कोंबड्यांचा आवाज होता. मग म्हातारी म्हणाली, “मंग बंद कर ते.”

गुरुलिंगच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहिला. गाडीची वेळ झाली, ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. तो चढला, तिकिटं फाडली, सुट्टे पैसे दिले, एकाला चुकून दोनदा दिले. रडू आलं नाही.

गुरुवारी तो गेला. पेढे नव्हते. म्हातारी बाजेवर बसून सुपात ज्वारी निवडत होती. त्यानं काही न बोलता फोन सुपातल्या ज्वारीवर ठेवला आणि फाईल लावली. तिचे हात थांबले. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

“परत लाव,” ती म्हणाली.

का कोण जाणे, त्यानं परत लावलं. दुसऱ्या खेपेला तिचे ओठ आवाजाबरोबर हलत होते.

“हे सगळं गोदीचं आहे,” तो म्हणाला.

“तिचंच हाय.”

“माझ्या आईचं म्हणून दिलंत मला.”

“तुला पान भरायचं हुतं. मला पोर ठिवायची हुती. तुझ्याकडं जागा हुती, माझ्याकडं पोर हुती. काय बिघडलं?”

“मोऱ्या घासल्या मी तुमच्या.”

“चांगल्या घासल्यास.”

आता इथं दुसरा कुणी असता तर दोन शिव्या घालून उठला असता. पण ह्याची तहान गेली नव्हती. तो खाली बसला आणि त्यानं तिचे पाय धरले, दुसऱ्यांदा. “मावशी, झालं ते झालं. आता एक खरं सांगा. आईचं. एकच. तुम्हाला ठाऊक आहे.”

“समदं ठावं हाय,” म्हातारी म्हणाली. ती आता सावकाश, चवीनं बोलत होती. “कशी चालायची. कपाळाला इबूत कंच्या बोटानं लावायची. कालवणात काय टाकायची. झोपंत काय बडबडायची ते भितीपल्याडून ऐकू यायचं मला. तुला काय म्हणून हाक मारायची तेबी ठावं हाय. गुल्या न्हाई म्हणायची ती. दुसरंच म्हणायची.”

“काय म्हणायची?”

“ते माझ्याबरुबर जाईल.”

त्यानं तिचे पाय सोडले नाहीत. ती सुपातला एक खडा काढून लांब फेकत म्हणाली, “बरं, एवढी मिनतवारी करून ऱ्हायलास तर एक देते. एकच. खरं देते, पोरीची आन. गणपती बुडवून आलतो त्या संध्याकाळी. सकाळी उडदाची रास करायची, म्हणून आमी आखाड्यावर निजायला निघालतो, म्या, मालक आन् गोदी. तुझी माय दारात आडवी आली. तू काखंत, रडून लाल. म्हणली, ‘धुरपताक्का, गोदीला आजच्या रात ठिवून जावा. लेकरू तिच्याबिगर झोपत न्हाई.’”

म्हातारीनं सूप बाजूला ठेवलं.

“म्या ठिवून गेले. दुसऱ्या दिशी दुपारी बाराला दगडं काढली तवा तुझी माय पल्याड भितीला हुती. तुझ्यावर न्हवती. तुझ्यावर माझी पोर हुती, पालथी. तुझ्या तोंडात तिची वेणी हुती. लोकं म्हणले, लेकरू जितं हाय, लेकरू जितं हाय. समदे तुझ्याकडं पळाले. ही तुझी माय, गुरुलिंगा. एवढीच घे. लिव्ह पानावर: लेकरू झोपत न्हाई.”

गुरुलिंगला आईचा आवाज पाहिजे होता, तो मिळाला. कुणाला असं मिळू नये.

तो उठला. “ते पान मी काढायला लावतो,” तो म्हणाला. “तुझ्या पोरीची एक ओळ राहू देणार नाही त्या पुस्तकात.” तीस आठवड्यांत पहिल्यांदा तो तिला एकेरी बोलला.

“काढ की,” म्हातारी म्हणाली. “कागूद हाय तो. तुझी इरा भाकर कशी खाती रं?”

औशाच्या स्टँडवर त्याला आरती मॅडमचा फोन लागला. त्यानं एका दमात सांगितलं, पान चुकीचं आहे, म्हातारीनं फसवलं, सगळं तिच्या पोरीचं आहे, काढून टाका. मॅडम हळू म्हणाल्या, “चूक माझी आहे, दादा. पहिली फाईल मीच घेतली होती, ती पानाशी ताडून बघायला हवी होती. मग शिवकांताबाईंचं काय करायचं?”

“मागच्या यादीत टाका.”

“वारस असून?”

“टाका म्हणलं ना.”

“बरं. एक सुचवू का, राग मानू नका. तुम्ही गोदावरीचे वारस म्हणून सही केलीत तर नियमात बसवता येईल. गुरुबसप्पांना मी सांगते. पान टाईप झालेलंच आहे. फक्त वरचं नाव बदलायचं. इतकं सुंदर पान आहे ते. आणि लहानपणी ती तुम्हालाच सांभाळायची ना?”

गुरुलिंगनं समोर बघितलं. एक बाई लेकराला काखेत घेऊन गाडीत चढत होती.

“त्या पोरीचा माझा काही संबंध नाही,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

ज्याच्या अंगावर पालथी पडून अकरा वर्षांची पोर मेली, ते लेकरू मोठं होऊन हे बोललं. मला सांगताना लाज वाटते, त्याला बोलताना वाटली नाही. त्याला एवढंच दिसत होतं की म्हातारीचं काही राहू द्यायचं नाही. तिनं त्याची आई दाबून ठेवली होती, त्यानं तिची पोर पुसली. फिटंफाट झाली असं त्याला वाटलं, आणि उदगीर येईपर्यंत त्याला जरा बरंही वाटलं.

घरी पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. पुनमनं पानं घेतली. इरा उंबऱ्यावरून जोडपायानं उडी मारत आत आली आणि बापाच्या शेजारी मांडी घालून बसली. तव्यावरची भाकरी ताटात पडली. पोरीनं काठाला नख लावलं, जीभ दाताखाली धरून गोल गोल पापुद्रा सोलला. अख्खा निघाला. तिनं तीनदा फुंकर मारली आणि तो बापापुढं धरला.

“पहिला तुझा, मग माझा.”

त्यानं तिच्या मुस्काटात मारली.

पापुद्रा वरणात पडला. इराला रडायलासुद्धा वेळ लागला, कारण आपलं काय चुकलं ते तिला शोधावं लागत होतं. रोज याच गोष्टीला बाप तिला जवळ घेत होता, पाहुण्यांना दाखवत होता. तिनं ताटाकडं बघितलं, हाताकडं बघितलं. “फाटला नव्हता, पप्पा,” ती म्हणाली.

“परत असं खाल्लंस तर हात मोडीन,” गुरुलिंग म्हणाला. “आजी असं खात नव्हती.”

“मग कशी खायची?”

पुनम चुलीपुढून उठली, पोरीला उचललं आणि आत घेऊन गेली. भाकरी तव्यावर करपली. कुणी जेवलं नाही.

आठ दिवसांनी पुस्तक छापायला गेलं. शेवटच्या यादीत ही दोन नावंही गेली: शिवकांता, वय बावीस. गोदावरी, वय अकरा. करडवाडीहून निरोप आला की धुरपताबाईनं अंथरूण धरलं आहे आणि येऊन जा म्हणते. गुरुलिंग गेला नाही. पुनम म्हणाली, जा, शेवटी सांगेल कदाचित. तरी गेला नाही. पंधरवड्यानं ती गेल्याचं कळलं. ती जाताना काही बोलली का, असं त्यानं निरोप घेऊन आलेल्याला विचारलं. तो म्हणाला, बोलली असेल, पण जवळ कुणी नव्हतं.

त्यानंतरच्या सोमवारी त्याची पहाटेची ड्यूटी नव्हती. तो सकाळी उठून चूळ भरायला आला तर इरा स्वैपाकघरात भिंतीकडं तोंड करून, त्याच्याकडं पाठ करून बसली होती. हल्ली ती अशीच जेवायची. पुढ्यात चहाचा पेला आणि कालची भाकरी. त्याची चाहूल तिला लागली नाही. तिनं काठाला नख लावून पापुद्रा सावकाश सोलला, भिंतीपुढं तळहात पसरला आणि त्यावर ठेवला. काहीतरी पुटपुटली. मग आठवण झाल्यासारखी तिनं तो परत उचलला आणि त्यावर तीनदा फुंकर मारली. भाकरी शिळी होती, रात्रीपासून गार.